खैतानच्या हॉलमधले रूळ

मेस्त्री, तुमचा पासपोर्ट मिळाला.

गुरुवारी सकाळी तुम्ही गेलात आणि सोमवारी दुपारी मंदूबने तो माझ्या नवऱ्याच्या, श्रीकांतच्या हातात ठेवला. मंदूब, म्हणजे तुमच्या मालकाचे सरकारी कागद बघणारा तो माणूस. त्याच्या ऑफिसबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी इतक्या वेळा बसले आहे की तिच्या कुठल्या पायाखाली पुठ्ठा लावलाय तेही मला पाठ आहे. श्रीकांतने विचारलं, "कुठे सापडला?" तो म्हणाला, "सापडला कशाला? इथेच होता." लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, रबर लावलेल्या गठ्ठ्यात. जिवंत माणसाला चौदा-पंधरा वर्षं न मिळालेली वस्तू मेलेल्या माणसाला तीन कामाच्या दिवसांत मिळाली, कारण त्याशिवाय बॉडी विमानात चढवत नाहीत.

फोटोत तुम्ही तरुण आहात. मिशी काळीभोर, मान ताठ, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. त्या माणसाला मी ओळखत नव्हते. मी ओळखायला लागले तोवर तुमच्या मिशीत सिमेंटचा रंग उतरला होता.

मी लिहिणारी बाई नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी लॅबमधली. आमच्याकडे रिपोर्ट असतो, त्यात विशेषणं नसतात. पण काल तुमची गोष्ट ऐकणारी ती शुक्रवारची मुलं जमली. त्यांना आता मुलं म्हणणं बरोबर नाही, दोघांना दाढ्या आहेत. ती म्हणाली, मंडळाच्या अंकात मेस्त्रीकाकांवर कुणीतरी लिहायला हवं. आणि सगळी माझ्याकडे बघायला लागली. तुमच्या वह्या फेअर करणारी मीच होते, तेव्हा हेही माझ्याकडेच येणार.

तुम्ही आमच्याकडे पहिल्यांदा आलात ते स्वयंपाकघरातल्या कपाटासाठी. आखाती लढाई संपल्यावर हा देश पुन्हा बांधायला जी माणसं आली त्यांतले तुम्ही, शटरिंग कारपेंटर, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे करणारे सुतार. कंपनी बुडाली, मालकाने पासपोर्ट अडकवून ठेवले, अकामा संपला, म्हणजे इथे राहायची परवानगीच संपली. तेव्हापासून तुम्ही खैतानमध्ये आमच्यापासून चार इमारती पलीकडच्या खोलीत पाचजणांबरोबर राहून मिळेल ते सुतारकाम करत होता. हे सगळं तुम्ही मला कपाटाची मापं घेताघेता सांगितलंत, जणू दुसऱ्या कुणाचं सांगताय. मी विचारलं, "मग इथे खिळे कुठे मारणार?" तुम्ही म्हणालात, "खिळो मारूचो नाय, वयनी. खिळो मारलो की ता हयचां झालां. तुमी उद्या घराक जाशात, तेवा कपाट खोलून न्हेवक होयां."

मी म्हटलं, आम्ही दोन वर्षांत जाणारच आहोत. त्या वेळी आम्हाला इथे येऊन सहा वर्षं झाली होती.

त्याच दिवशी मुक्ताने, माझ्या मुलीने, तुम्हाला विचारलं की तुम्ही ट्रेन पाहिली आहे का. ती सात वर्षांची. ज्या देशात एकही रेल्वे नाही तिथे वाढलेली. सुट्टीत आम्ही विमानतळावरून टॅक्सीने पुण्याला जायचो, त्यामुळे तिला रूळ म्हणजे पुस्तकातल्या दोन रेघा. तुम्ही करवत खाली ठेवलीत. "बाय, रूळ बगूचो आसा? थांब." पिशवीतून मास्किंग टेपचं रीळ काढलंत आणि हॉलमधला टीपॉय उचलून बाजूला ठेवलात. मला हाक मारलीत, "वयनी, जरा ह्यां टोक धरा."

मी म्हटलं, "माझी पोळी तव्यावर आहे."

टोक मुक्ताने धरलं. टीव्हीपासून बाल्कनीच्या दारापर्यंत एक पट्टी, मग टेपने साडेपाच फूट मोजून दुसरी. मध्ये आडव्या पट्ट्या, स्लीपर म्हणून. मी पोळी उतरवून बाहेर आले तर माझ्या हॉलमध्ये खऱ्या मापाचे रूळ पडले होते आणि हॉल त्यात संपला होता. मुक्ता मधोमध उभी राहून म्हणाली, "इट्स सो बिग! आई, ट्रेन आपल्या घरात मावणारच नाही."

"मावात," तुम्ही म्हणालात. "घर मावूचां नाय."

मला आधी फरशीची काळजी वाटली. टेप चार महिने राहिली आणि काढली तेव्हा तिचा डिंक फरशीवर राहिला. रॉकेलने घासला, थिनरने घासला. अजून आहे.

मुलांची गोष्ट सुरू झाली ती त्या रुळांवर बसून. शुक्रवारी दुपारी, मशिदीत मोठा नमाज असतो त्या वेळेत. तेव्हा रस्त्यावर चेकिंग नसायचं म्हणून तुम्ही मागच्या गल्लीतून यायचात, आणि परतही त्याच हिशेबाने जायला हवं असायचं. म्हणजे गोष्टीला जेमतेम तास. पाच-सहा घरची मुलं यायची. मराठीत ऐकायची आणि इंग्रजीत भांडायची.

गोष्ट राणीच्या राज्यातली. साल कुठलं, मी विचारलं होतं. "साल माका ठावक नाय. घाटात सुरुंग लावीत तेवाचां." तुमच्या पणजोबांचा भाऊ लाईन टाकायला घाट चढून गेला आणि परत आला नाही. मेला की कुठल्या गावात राहिला, घरात कुणालाच कळलं नाही. त्याची खुंटीवरची घोंगडी तुमच्या लहानपणापर्यंत तशीच टांगलेली होती म्हणालात. त्याचं काय झालं हे शोधायचं तर गोष्टच रचायला हवी, दुसरा इलाज नाही. म्हणून तुम्ही त्याला एक बायको दिलीत आणि अकरा वर्षांची गोदी दिलीत. रुळाला स्लीपरवर घट्ट धरणाऱ्या लाकडी पाचरी टोपलीत भरून गोदी लाईनच्या टोकाला पोचवते. लाईन पुढे सरकते तसा मजुरांचा तळ पुढे सरकतो. मागे राहतो तो रूळ.

खरं सांगू का, पहिल्या दिवशी मी कपड्यांच्या घड्या घालत अर्ध्या कानाने ऐकत होते. सुरुंगाची वात पेटते आणि गोदीची टोपली बोगद्याच्या तोंडाशी राहिलेली असते, तिथे तुम्ही घड्याळ बघितलंत आणि "ऱ्हवलेला फुडच्या शुक्रवारी" म्हणून चपला घातल्यात. मुलं ओरडली. मीही टॉवेल हातात धरून उभी राहिले होते. माझ्या लक्षात आलं की आठवडाभर मी त्या टोपलीचा विचार करणार आहे.

मग लाईन घाट चढून माळावर आली. तिथे इंजिनाला पाणी लागणार म्हणून साहेबाने स्टेशन ठरवलं, आणि स्टेशन आलं म्हणजे गाव येणार. ते गाव वसवताना माझ्या हॉलमध्ये काय काय भांडणं झाली! विहीर कुठे, बाजार कुठे, वाणी आधी की लोहार आधी. प्रत्येक मुलाला एकेक घर. तुम्ही प्लायच्या तुकड्यांतून ती घरं करून आणायचात, खिळा नाही, नुसते सांधे. मुक्ता डॉक्टर झाली. वरच्या मजल्यावरच्या रोहनने हट्ट धरला, "काका, आय वॉन्ट अ पिझ्झा शॉप."

बाकीची मुलं हसली. तुम्ही हसला नाहीत. "घाल. पन वयल्या अंगाक घाल. खाली पावसाचां पाणी भरतलां."

आणि त्या गावात तुम्ही मलाही आणलंत. स्टेशनमास्तरची बायको, मास्तरीणबाई. तिच्या क्वार्टरच्या दारावर नियमांचा कागद लावलेला. पायपुसण्यावर पाय पुसल्याशिवाय कुणाला आत घेत नाही. पीठ सपाट वाटीने मोजते. मुलांना कळायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मी आतून ओरडले, "मेस्त्री, मला ऐकू येतंय!" तुम्ही वाचता वाचताच म्हणालात, "मास्तरीणबायचे कान तिखट व्हते."

तुमच्या वह्या मी फेअर करायचे. अक्षर बरं म्हणून सुरुवात केली, आणि मग दुरुस्त्या करायला लागले. घाटातले मजूर कोकणी बोलायचे, मी त्यांना पुण्याचं बोलायला लावलं, मुलांना कळावं म्हणून. सुतळी होती तिथे दोरी केली. एका प्रकरणातलं मरण काढून टाकलं. तुम्ही प्रत्येक वेळी वही उघडून बघायचात आणि म्हणायचात, "बरां दिसता." कधीच भांडला नाहीत. भांडायला हवं होतंत.

एकच भांडण तुम्ही नेटाने केलंत, ते शेवटाचं. लाईन झाली की मजूर हलणार, हे मुलांनाही कळलं होतं. तुम्हाला गोदीने त्या गावात राहायला हवं होतं. मी म्हटलं, "कसं शक्य आहे? ज्यांनी रूळ घातले त्यांना गावात कोण राहू देणार? जमीन कुणाच्या नावावर? कोण देणार?"

"गोष्ट आसा ती, वयनी."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? विहिरीला उतार लागतो ना तुमच्या? मग ह्यालाही काहीतरी कारण लागेल."

तुम्ही डोकं खाजवलंत. "ता खरां," म्हणालात. "कारण होयां."

गोष्टीत मुकादमाकडे एक पत्र्याची पेटी होती. त्यात सगळ्या मजुरांचे पितळी बिल्ले. बिल्ला असल्याशिवाय परतीच्या गाडीत बसता येत नाही, आणि बिल्ले मुकादमाकडे. मुक्ता त्या दिवशी भडकली होती. "पण बिल्ला त्यांचाच आहे ना? व्हाय डोन्ट दे जस्ट आस्क?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी चहा आणायला उठले.

एकदा तुम्ही मला एक काम सांगितलंत. सांगितलेलं बहुधा तेवढं एकच. दस्मानजवळ, समुद्राच्या बाजूला, एका इमारतीत तुम्ही गोल जिन्याचं शटरिंग केलं होतं, पहिल्या वर्षी. तो कसा आहे बघून या. खैतानपासून गाडीने वीस मिनिटं. तुम्ही पाच वर्षांत तिकडे फिरकला नव्हता, कारण वाटेत दोन चौक असे की तिथे पोलीस बताका, म्हणजे ओळखपत्र मागतात, आणि तुमच्या बताक्याची मुदत अकाम्याबरोबरच गेली होती. मी आणि मुक्ता गेलो. चढलो, उतरलो. परत येऊन मी सांगितलं की जिना चांगला आहे, कठडा पितळी बसवलाय, चढताना कुठे हादरत नाही. तुम्ही विचारलंत, "खालसून बगलास? वळणाक पोट ईलांसा काय?"

जिन्याच्या खाली वाकून बघायचं मला सुचलं नव्हतं.

"आमचां काम खालसूनच दिसता," तुम्ही म्हणालात. "काँक्रीट धरलां की पयलां आमकाच काढून टाकतत."

मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले आणि खालून बघून आले. पोट, म्हणजे काँक्रीटचा फुगवटा, आलेलं नव्हतं. सांगितलं तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला ते मी इथे लिहिणार नाही.

तुमच्या मुलीच्या लग्नाची सीडी आपण आमच्या टीव्हीवर पाहिली. तुम्ही निघालात तेव्हा ती चार वर्षांची होती. सगळी खोली तुमच्याकडे चोरून बघत होती, आता रडतील म्हणून. तुम्ही पुढे वाकून म्हणालात, "मांडव वाकडो घातल्यानी." मग दोनदा मागे घेऊन तो खांब बघितलात. तिसऱ्यांदा मागे घेतलात तेव्हा मी सगळ्यांना जेवायला उठवलं. तुम्ही मागून आलात.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते.

सरकारने सवलत जाहीर केली. अकामा संपलेल्या लोकांनी ठराविक मुदतीत निघून जावं, दंड नाही, तुरुंग नाही. पासपोर्ट नसेल तर दूतावासातून आउटपास घ्यायचा, एका प्रवासापुरता कागद. खैतान निम्मं रिकामं झालं. तुमच्या खोलीतले तिघं गेले, त्यांच्या जागी नवे पुढे आले. तुम्ही फोटो काढून आणलेत आणि शुक्रवारी मला विचारलंत, "वयनी, आउटपासान जांव काय?"

तुम्ही विचारलं नसतंत तर बरं झालं असतं. सरळ गेला असतात. पण तुम्हाला सवय लागली होती, कागदाचं काहीही असलं तरी मला विचारायची. आणि मला सवय होती उत्तर द्यायची.

मी म्हटलं, "आउटपासवर पळून आलेली माणसं जातात. तुम्ही काय चोरी केलीये? पासपोर्ट तुमचा आहे, तो घेऊन मान वर करून जायचं. उद्या परत यायची वेळ आली तर?"

"माका परत येवचां नाय."

"असं आज वाटतं."

"तुमी सांगशात तसां," तुम्ही म्हणालात.

मी मंदूबला फोन केला. तो गोड बोलला. बुक्रा, म्हणजे उद्या. मग पुन्हा बुक्रा. मी ड्यूटी बदलून घेतली, त्या पुठ्ठा लावलेल्या खुर्चीवर जाऊन बसले, अर्ज अरबीत टाइप करून नेले. मुदत वाढेल असं सगळे म्हणत होते, मीही म्हटलं. शेवटच्या आठवड्यात श्रीकांत मला म्हणाला, "त्याला आउटपासच्या रांगेत उभं कर. तुझी तत्त्वं पुरे झाली." तेव्हा कुठे तुम्हाला घेऊन गेलो. रांग इमारतीला वळसा घालून मागे गेली होती. दोन दिवस तुम्ही उन्हात उभे राहिलात. खिडकीपासून तीस-चाळीस माणसांवर असताना मुदत संपली. वाढली नाही.

गाडीत तुम्ही मागे बसला होता, खाली वाकून, चेकिंगमध्ये दिसू नये म्हणून. मी म्हटलं, "मंदूबने फसवलं." तुम्ही म्हणालात, "व्हय."

मंदूबने फसवलं हे खरंच आहे. पण आउटपासला नाही म्हणाले ती मी. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्ही पुढची सगळी वर्षं दर शुक्रवारी आमच्याकडे येत होता, मी तुमचं बीपी घेत होते, कॅलेंडरवर लिहीत होते, गोळ्या देत होते, आणि हे एक वाक्य म्हणत नव्हते.

आणि त्याहून खालचं एक आहे. तेही खालून बघायला हवं, तुमच्या जिन्यासारखं. माझा आग्रह सगळा तत्त्वाचा नव्हता. दोन वर्षांसाठी आलेली मी इथे सोळाव्या वर्षात होते. लॅब, घर, एसीचा आवाज, बंद काचा, दर वर्षी 'या वर्षी शेवटचं'. माझा पासपोर्ट माझ्याकडे होता, तिकीट काढायची ऐपत होती, आणि तरी मला निघता येत नव्हतं. कारण विचारलंत तर सांगता आलं नसतं. आठवड्यातला एक तास असा होता की तेव्हा घाटातून वर येणारी लाईन माझ्या हॉलमधून जायची. तो तास मला सोडायचा नव्हता. बुक्रा ऐकल्यावर मला राग यायचा, पण घरी परत येताना थोडं हायसंही वाटायचं. हे श्रीकांतलाही माहीत नाही. आता वाचेल.

सवलतीनंतरच्या पहिल्याच शुक्रवारी तुम्ही वेळेवर आलात. पायपुसण्यावर पाय पुसलेत. वाचलंत. गाव पुरं झालं, स्टेशनला रंग लागला, पहिली गाडी यायची तारीख ठरली. आणि तिथे तुम्ही थांबलात ते थांबलातच. शेवटचं प्रकरण कधी, मुलं विचारायची, मग मुलं मोठी झाली आणि मी विचारायला लागले. "अजून वलां आसा, वयनी. आताच खोललां तर कोसळतलां." मुक्ता पुण्याला शिकायला गेली. फोनवर अभ्यास, जेवण, पैसे झाले की शेवटी विचारायची, "आणि गोदी?" मी सांगायचे, अजून ओलं आहे.

गुरुवारी सकाळी तुमच्या खोलीतला जोसेफ आमची बेल वाजवत राहिला. मी धावत आले. नाडी बघितली, पुन्हा बघितली, छाती दाबत राहिले, गाडी येईपर्यंत. मी लॅबमधली आहे, हात लावल्याबरोबर मला कळलं होतं. तरी थांबले नाही. तुमच्या डाव्या हाताच्या नखाखाली प्लायची बारीक कपची होती. ती मी नंतर काढली.

तुमचं कार्टन पलंगाखाली होतं. इथल्या प्रत्येक खोलीत प्रत्येक पलंगाखाली एक असतं: घरी न्यायच्या वस्तूंचं, वर मार्करने नाव आणि गाव घातलेलं, दोरीने बांधून तयार. तुमच्यावरचं नाव तुम्ही तीनदा गिरवलेलं होतं, शाई उडत गेली तशी. ते तुमच्याबरोबर पाठवायचं तर कार्गोवाल्याला आतल्या सामानाची यादी लागते, म्हणून मी उघडलं. वर टॉर्च, बाम, साबण. त्याखाली सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा एक फ्रॉक, टॅग न काढलेला. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं अख्खं गाव. स्टेशन, विहीर, डॉक्टरचं घर, पिझ्झाचं दुकान. मास्तरीणबाईंच्या क्वार्टरच्या दारावर तुम्ही खरोखर नियमांचा कागद चिकटवलाय, नखाएवढा. आणि एक घर जे मी आधी पाहिलं नव्हतं.

तळाला साइटच्या नकाशांच्या कोऱ्या बाजूवर, सुतारी पेन्सिलने, शेवटचं प्रकरण.

मी ते तुमच्या पलंगावर बसून वाचलं. मजुरांना परत न्यायला गाडी येते. गोदीच्या बापाकडे बिल्ला नाही. मुकादम पेटी घेऊन नाहीसा झालाय. बिल्ल्याशिवाय चढणारे चढतायत, गार्ड तोंड फिरवतोय. बाप मास्तरीणबाईंच्या दाराशी येतो आणि विचारतो, असाच चढांव काय? आणि मास्तरीणबाई म्हणतात, चोरासारखं कशाला जायचं? मी साहेबाला पत्र लिहिते, बिल्ला येईल, मग ताठ मानेने जा.

गाडी सुटते.

मी कागद उलटे ठेवले. पाणी प्यायले. मग पुढचं वाचलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई दार उघडत नाहीत. तिसऱ्या दिवशी गोदी दार वाजवते आणि म्हणते, "मास्तरीणबाय, आमी हयसरच रवताव. तुमच्या शेजारी." उरलेले स्लीपर पडलेले असतात, बाप त्यांचं घर बांधायला घेतो. पाया आखायला सुतळी ताणायची असते, आणि बायको पाण्याला गेलेली. तो मास्तरीणबाईंना म्हणतो, जरा ह्यां टोक धरा. त्या बाहेर येतात. पाय न पुसता. टोक धरतात.

आणि तुमचं शेवटचं वाक्य, पुस्तकी मराठीत, जपून लिहिलेलं: 'ह्या गावाची सुरुवात कोणी ठरवून केली नाही. एका माणसाची गाडी चुकली.'

कारण हवं होतं ना मला? हे घ्या कारण.

ही माफी आहे की आरोप, हे मी चार दिवस ठरवतेय. मुक्ताला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, दोन्ही असू शकतं." असेल. तुम्हाला विचारलं असतं तर म्हणाला असतात, गोष्ट आसा ती. पण मेस्त्री, तुमची गाडी चुकली म्हणून इथे गाव झालं नाही. सहाजणांची खोली होती, तिथे आता पाचजण आहेत. ते तुमच्या गोष्टीतच झालं. आणि फार तर माझ्या हॉलमध्ये, आठवड्यातून एक तास.

आउटपासवर जाऊ द्यायला हवं होतं. चुकले.

शेवटचं प्रकरण फेअर केलं आहे. सुतळीला सुतळीच ठेवलंय. मजूर बोलतात तसेच बोलतात. एकही शब्द बदललेला नाही. ते मुलांसाठी इथे राहील. तुमच्या अक्षरातले कागद होते तसे कार्टनच्या तळाशी ठेवलेत, तुमच्या मुलीसाठी, आणि गाव त्यावर, नव्या वर्तमानपत्रात. क्वार्टर आणि ते नवं घर एकत्र गुंडाळलंय. यादीत काय लिहायचं कार्गोवाल्याने विचारलं. मी म्हटलं, गाव. त्याने 'लाकडी खेळणी' लिहिलं. मी वाद घातला नाही.

मग श्रीकांतने हॉलमध्ये, तुमच्या डिंकाच्या दोन रेघांच्या मध्ये, कार्टन उभं केलं आणि दोरी फिरवली. म्हणाला, "जरा हे टोक धर."

गॅसवर कुकर होता. मी धरलं.